मिनेसोटा स्टेट फेअरला पहिल्यांदा जाताना

ऑगस्ट अर्धा सरला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या ऑफिसांत जो तो एकमेकांना विचारू लागतो, "यंदा फेअरला, म्हणजे राज्याच्या जत्रेला, कोणत्या दिवशी?" नवीन आलेल्या मराठी माणसाला कोणी सांगतं, तळलेलं खायला जायचं असतं. मग तो शनिवारी भर दुपारी बायकामुलांसह पोचतो. काडीला टोचलेलं काहीतरी खाऊन होतं, मुलं दोन पाळण्यांत बसतात, ऊन डोक्यात जातं आणि "एकदा बघितलं, पुरे" म्हणत मंडळी घरी परततात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण फेअरचा गाभा त्यांनी पाहिलेलाच नसतो.

मिनेसोटा १८५८ साली राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी पहिला स्टेट फेअर भरला. १८८५ पासून तो दोन्ही शहरांच्या मधल्या फाल्कन हाइट्समध्ये, आजच्याच जागी भरतो. ३२२ एकरांचं हे मैदान आहे. मूळचा हा शेतकऱ्यांचा मेळा. उत्तम जनावर, उत्तम पीक, उत्तम लोणचं कोणाचं, हे ठरवायला राज्यभरातून लोक यायचे. आजही येतात. नांदेडकडची माळेगावची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथल्या गोठ्यांत शिरल्यावर परकं वाटणार नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: सकाळ जनावरांना द्या, दुपार इमारतींना द्या, पाळणे आणि गाणी संध्याकाळी. खाणं अधूनमधून होतच राहतं.

आधी दिवस ठरवा

फेअर बारा दिवसांचा असतो. ऑगस्टच्या शेवटाकडे एका गुरुवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, संपतो. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, त्यातही दुसरा शनिवार. २०१८ मध्ये त्या एका दिवसात २,७०,४२६ माणसं आली होती आणि तो विक्रम ठरला. २०१९ मध्ये बारा दिवसांची बेरीज २१,२६,५५१ झाली. सोमवार ते गुरुवारातली एक सुट्टी टाकता आली तर जरूर टाका.

पण नुसती गर्दी बघून दिवस ठरवू नका. कोणत्या दिवशी कोण मैदानात असतं, तेही बघा. पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत गोठ्यांत फोर-एच या संघटनेची मुलं आपापली जनावरं घेऊन मुक्कामाला असतात. शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास एफएफए, म्हणजे शाळांमधून शेती शिकणारी मुलं येतात. मधल्या दिवसांत मोठ्या पशुपालकांच्या स्पर्धा असतात. पहिल्यांदाच जात असाल तर मी पहिला गुरुवार किंवा शुक्रवार सुचवेन. गोठे तेव्हा मुलांनी गजबजलेले असतात.

आपल्याकडचं पंचांगही उघडून बघा. फेअर बऱ्याचदा श्रावणात किंवा ऐन गणपतीत येतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, फेअरच्या बरोबर मध्यात होती. घरी गणपती बसत असेल तर दिवस आधीच मोजून ठेवलेले बरे.

तिकीट

दाराशी तिकीट घेण्यापेक्षा फेअर सुरू होण्याआधी घेतलेलं स्वस्त पडतं. मोठ्यांचं तिकीट गेल्या काही वर्षांत अठरा-वीस डॉलरांच्या घरात आहे. लहान मुलांना आणि पासष्टीपुढच्यांना थोडं कमी, अगदी छोट्यांना फुकट. काही ठरावीक दिवशी सवलत असते: एखाद्या दिवशी ज्येष्ठांना, एखाद्या दिवशी मुलांना, एखाद्या दिवशी लायब्ररीचं कार्ड दाखवणाऱ्याला. त्या वर्षीचं सवलतीचं पत्रक फेअरच्या संकेतस्थळावर मिळतं. एवढं लक्षात असू द्या की प्रवेशाच्या तिकिटात पाळणे धरलेले नसतात आणि ग्रँडस्टँडवरचे मोठे गायन कार्यक्रमही नसतात. त्यांचे पैसे वेगळे. बाकी गोठे, प्रदर्शनं, छोट्या रंगमंचांवरचे कार्यक्रम, दुपारची मिरवणूक हे सगळं आत शिरल्यावर मोफत आहे. म्हणजे पाळण्यांवर एक डॉलरही न घालवता अख्खा दिवस छान जातो.

गाडी घरी ठेवा, निदान लांब ठेवा

मैदानातलं पार्किंग थोडं आहे, महाग आहे आणि सकाळीच भरतं. आसपासच्या गल्ल्यांत लोक आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. पण तिथवर पोचेपर्यंतच स्नेलिंग अव्हेन्यूवरची रांग जीव खाते. त्यापेक्षा पार्क अँड राइड घ्या. शहरात ठिकठिकाणी, चर्च आणि शाळांच्या वाहनतळांवर, गाडी फुकट लावता येते आणि तिथून फेअरची मोफत बस मिळते. लांबच्या उपनगरांतून थोडं भाडं आकारणाऱ्या थेट बसही सुटतात. जवळ राहणाऱ्यांनी मेट्रो ट्रान्झिटची ए लाइन धरावी. ग्रीन लाइन ट्रेनने युनिव्हर्सिटी आणि स्नेलिंगच्या चौकात उतरायचं आणि तिथून ए लाइनची बस. सायकलने गेलात तर दाराशी सायकली लावायला राखलेली जागा असते, तीही फुकट.

उतरलात की आपण कोणत्या दारातून आत जातोय, त्या दाराचा नंबर फोनवर टिपून ठेवा. रात्री दमलेल्या मुलांना घेऊन भलत्याच दाराला पोचणं नको.

पिशवीत काय घ्यायचं

अनेकांना माहीत नसतं की इथे घरचं खाणं आणि पाणी आत नेता येतं. दारू नाही, काचेच्या बाटल्या नाहीत, एवढंच. दशम्या, चटणी, दोन काकड्या नेल्या तर दुपारचा मोठा खर्च वाचतो आणि उपवास असणाऱ्यांचीही सोय होते. पाण्याची रिकामी बाटली घ्या, आत भरता येते. टोपी, सनस्क्रीन आणि घडी करून खिशात मावणारा रेनकोट हवाच. ऑगस्टअखेर मिनेसोटात सकाळी गारवा, दुपारी दमट ऊन आणि चारच्या सुमारास गडगडाट, असं सगळं एकाच दिवशी होऊ शकतं. पायांत बंद बूट घाला. गोठ्यात शेण असतं, भुसा असतो, पाणी सांडलेलं असतं. सँडल घालून आलेली माणसं गोठ्याच्या दाराशीच घुटमळतात. कार्ड आणि थोडी रोकड दोन्ही जवळ ठेवा, सगळीकडे एकच चालतं असं नाही. दारावर पिशव्या तपासतात, तेव्हा मोठ्या बॅगांचा पसारा नको.

सकाळ गोठ्यांत

दारं सकाळी सातला उघडतात. इमारतींमधली प्रदर्शनं नऊला सुरू होतात. हे मधले दोन तास गोठ्यांसाठी सोन्याचे आहेत. गर्दी नाही, ऊन नाही आणि जनावरांची तयारी ऐन रंगात आलेली असते.

कॅटल बार्नमध्ये शिरा. बारा-चौदा वर्षांची पोरं गाईला पाइपाखाली धुतात, मग मोठ्या ब्लोअरने तिचे केस वाळवतात, खरारा करतात, शेपटीचा गोंडा विंचरून फुलवतात. दावणीशेजारी पेंढ्यावरच कोणी रात्रीची अपुरी झोप पुरी करत असतं, डोकं वासराच्या पोटावर टेकून. वर पाटीवर मुलाचं नाव, तालुक्याच्या जागी काउंटीचं नाव आणि जनावराचं नाव. मागच्या वर्षी काही मिळालं असेल तर त्याची रिबनही लावलेली असते. निळी सगळ्यात वरच्या श्रेणीची, मग लाल, मग पांढरी. जांभळी दिसली तर थांबा, ते विजेत्यांतलं विजेतं जनावर आहे.

आता रिंगणाच्या कडेच्या बाकावर अर्धा तास बसा. घाई करू नका. मांसासाठी वाढवलेल्या गोऱ्ह्याला फिरवणाऱ्या मुलीच्या हातात लांब काठी असते. ती काठी मारायची नसते. तिच्या टोकाने ती जनावराचे पाय हवे तसे मागेपुढे करून घेते आणि ते बिथरलं तर त्याच काठीने त्याचं पोट हळूहळू खाजवते. बघता बघता पाच-सहाशे किलोचं धूड शांत उभं राहतं. काही फेऱ्यांत जनावराला गुण असतात. शोमनशिप नावाच्या फेरीत मात्र फक्त मुलाला: जनावर कसं हाताळतो, परीक्षकावर नजर ठेवतो का, विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देतो. शेवटी परीक्षक माइक हातात घेऊन पहिला नंबर का दिला आणि दुसरा का नाही, हे सगळ्यांसमोर सांगतो. मागचे पाय, पाठीची रेघ, कासेची ठेवण, सगळं. दोन फेऱ्या ऐकल्या की तुम्हीही मनातल्या मनात नंबर लावायला लागता.

या मुलांशी बोला. ती मोकळेपणाने उत्तरं देतात, कारण लोकांना समजावून सांगणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. याचं नाव काय, कधीपासून सांभाळतेस, सकाळी किती वाजता उठतेस, एवढं विचारलं तरी पुरतं. "फेअरनंतर याचं काय होणार?" हा प्रश्न विचारलात तर उत्तरही सरळ येतं. मांसासाठी वाढवलेली जनावरं विकली जातात आणि कापली जातात. ज्या हातांनी वासराला बाटलीने दूध पाजलं त्याच मुलीला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आपली मुलं बरोबर असतील तर हा प्रश्न तीच विचारतील. घरून निघण्याआधीच त्यांच्याशी यावर थोडं बोलून ठेवा. शाकाहारी घरातल्या मुलाला ते जड जाईल, पण त्याला खोटं सांगू नये असं मला वाटतं.

पुढे स्वाइन बार्नमध्ये राज्यातला सगळ्यात मोठा डुक्कर बघायला मिळतो. वजन हजार पाउंडांच्या वर, म्हणजे साडेचारशे किलोहून जास्त, आणि बहुतेक वेळ झोपलेला. कोंबड्यांच्या इमारतीत डोक्यावर तुरे, पायांवर पिसं अशा जाती दिसतात, त्या सहसा बघायला मिळत नाहीत. मिरॅकल ऑफ बर्थ सेंटरमध्ये गाई, मेंढ्या आणि डुकरिणी लोकांसमोर वितात. पशुवैद्य आणि विद्यार्थी बाजूला उभे राहून काय चाललंय ते सांगत असतात. वेळ कोणाच्या हातात नाही. तिथल्या पडद्यावर कोणती गाय कळा देतेय ते कळतं. नशिबात असेल तर वासरू पहिल्यांदा उभं राहताना दिसेल, नसेल तर काही तासांची कोकरं तरी नक्की.

एक नियम मात्र कडकपणे पाळा: गोठ्यात काहीही खायचं-प्यायचं नाही आणि बाहेर पडताना साबण-पाण्याने हात धुवायचे. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. अमेरिकेतल्या फेअरमध्ये जनावरांना हात लावून लहान मुलांना ई. कोलायसारख्या जंतूंची लागण झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हात धुवायची सोय दाराशीच असते. बाबागाडीची चाकं, दुधाची बाटली, तोंडातली चोखणी यांच्याकडेही लक्ष द्या.

लोणी, बिया आणि बरण्या

ऊन चढलं की इमारतींकडे वळा. डेअरी बिल्डिंगमध्ये काचेची एक गोल खोली सावकाश फिरत असते. आत चार-पाच अंश सेल्सिअसची थंडी. जाड कोट घातलेली एक तरुणी स्टुलावर बसलेली आणि समोर ९० पाउंड, म्हणजे सुमारे ४१ किलो लोण्याचा ठोकळा. शिल्पकार तिच्याकडे बघत त्या लोण्यात तिचा चेहरा कोरत असतो. एक चेहरा व्हायला सहा ते आठ तास लागतात. इथे आळीपाळीने बसणाऱ्या मुली डेअरी उद्योगाशी नातं असलेल्या घरांतल्या. त्यांच्यातून दरवर्षी एक 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' निवडली जाते आणि ती वर्षभर राज्यातल्या डेअरीवाल्यांची प्रतिनिधी म्हणून फिरते. पहिला चेहरा अर्थात तिचाच कोरला जातो. काम संपल्यावर लोणी त्या त्या मुलीच्या घरी जातं आणि कित्येक जणी गावाला कणसांचं जेवण घालून ते संपवतात.

शेती आणि बागायतीच्या इमारतीत बियांची चित्रं असतात. हा विभाग १९६५ पासून आहे आणि माझ्या मते अख्ख्या फेअरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. फळीवर एकेक बी चिकटवून केलेले चेहरे, प्राणी, गावं, राजकीय टोले. जवळ जा आणि चित्राच्या कडेची छोटी यादी शोधा. कोणत्या रंगासाठी कोणतं धान्य वापरलं, हे ते बी तिथेच चिकटवून दाखवलेलं असतं. जवस, मोहरी, बाजरीच्या जातीची धान्यं आपण लगेच ओळखतो. रांग मोठी असते, पण पुढे सरकते. त्याच इमारतीत मिनेसोटाची सफरचंदं मांडलेली असतात. दुकानात मिळणारं हनीक्रिस्प इथल्याच विद्यापीठाने तयार करून १९९१ मध्ये बाजारात आणलं. मधाचे बरेच प्रकारही तिथेच बघायला मिळतात.

क्रिएटिव्ह अॅक्टिव्हिटीज बिल्डिंग म्हणजे हातकामाचं घर. गोधड्या, स्वेटर, पाव, जॅम, लोणची, सगळं स्पर्धेत. काचेच्या कपाटात मुरंब्याच्या बरण्या ओळीने उभ्या आणि त्यांवर रिबिनी. मिनेसोटात राहणाऱ्या कोणालाही इथे वस्तू पाठवता येते. आपल्याकडे उत्तम विणणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या, लोणची घालणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांनी जरूर भाग घ्यावा. नोंदणी फेअरच्या पुष्कळ आधी बंद होते आणि बरणीबंद पदार्थांचे नियम काटेकोर असतात, तेव्हा पुढच्या वर्षीचं नियमपत्रक उन्हाळा लागताच वाचा.

वन आणि जलसंपत्ती खात्याच्या लाकडी ओंडक्यांच्या इमारतीबाहेर तळं आहे. त्यात राज्यातल्या नद्या-सरोवरांतले मासे फिरतात. मुलं इथून हलत नाहीत.

निवडणुकीचं वर्ष असेल तर पक्षांचे आणि उमेदवारांचे मंडपही फिरून या. उमेदवार स्वतः उभे असतात, प्रश्न विचारता येतात. इथलं हे जुनंच आहे. २ सप्टेंबर १९०१ रोजी तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 'मृदू बोला आणि हातात मोठा सोटा ठेवा' हे त्यांचं गाजलेलं वाक्य याच फेअरमध्ये ऐकवलं होतं. बारा दिवसांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

खाणं: वाटून खा

एक पदार्थ, चार माणसं. हा नियम पाळला तर सात-आठ गोष्टी चाखून होतात आणि पोटही बिघडत नाही. जो तो स्वतःचं घेऊन बसला की दुसऱ्या पदार्थालाच सगळे गार.

शाकाहारी लोकांनी भाजक्या कणसापासून सुरुवात करावी. पानं मागे सोलून त्यांचीच मूठ केलेली असते आणि अख्खं कणीस वितळलेल्या लोण्यात बुडवून देतात. तिखट-लिंबू घरून पुडीत न्या. चीज कर्ड्स म्हणजे ताज्या चीजचे तुकडे पिठात घोळवून तळलेले. गरम असतानाच खायचे. एकाच तेलात मांसाचे पदार्थ तळतात का, हे विचारायला संकोच करू नका. फक्त कर्ड्सच विकणारा स्टॉल निवडला तर प्रश्नच येत नाही. बटाट्याचे फ्राइज, तळलेली लोणच्याची काकडी, फलाफल हेही मिळतं. शेतीच्या इमारतीत मध आणि सूर्यफुलाच्या बियांचं आइसक्रीम मिळतं. तिथे गेलात की ते चुकवू नका. प्रोंटो पप किंवा कॉर्न डॉगच्या आत सॉसेज असतं, त्यात गोमांस किंवा डुकराचं मांस असू शकतं. खात नसाल तर आधी विचारा. मासे खाणाऱ्यांनी वॉलाय घ्यावा. मिनेसोटाचा तो राज्यमासा आहे.

गोडात स्वीट मार्थाज कुकीज. गरम छोट्या बिस्किटांनी शिगोशीग भरलेली बादली मिळते, झाकण लागतच नाही. बादली चार-पाच जणांत घ्यायची आणि एकदाच पैसे भरून हवं तितकं दूध देणाऱ्या स्टॉलवर न्यायची.

आई-बाबा आणि छोटी मुलं बरोबर असतील तर

भारतातून आई-बाबा उन्हाळ्यात आलेले असतात, तेव्हा त्यांना जरूर न्या. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना गोठ्यांत जितकं बोलायला सुचतं तितकं इथल्या कोणत्याही मॉलमध्ये सुचणार नाही. फक्त चालणं फार होतं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती पहिल्यापासूनच घ्या. दुपारी दोनच्या मिरवणुकीसाठी पाऊण तास आधी सावलीतली जागा धरली की तेवढाच विसावा. 'ये ओल्ड मिल' ही १९१५ पासूनची होडीची सफर अंधाऱ्या बोगद्यातून संथपणे जाते. आजी आणि नातवंडं एकत्र बसू शकतील अशी ती आहे. मुलांच्या मनगटाला तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा आणि हरवलात तर कुठे थांबायचं ते मोठ्यांनाही सांगून ठेवा. गर्दीत कधीकधी फोन लागत नाहीत.

संध्याकाळ आणि परतीची बस

पाळण्यांचा भाग, मिडवे, दिवे लागल्यावर खुलतो. लहान मुलांसाठी किडवे वेगळा आहे. ग्रँडस्टँडचं तिकीट नसेल तर बँडशेल या खुल्या रंगमंचावर मोफत गाणी असतात, बाकं मात्र लवकर भरतात. इमारती रात्री नऊला बंद होतात. काही बघायचं राहिलं असेल तर आठपर्यंत उरका.

कुकीजची बादली निघताना घ्या, दिवसभर कोणी हातात वागवत नाही. ग्रँडस्टँडचा कार्यक्रम सुटला की बसच्या रांगा एकदम वाढतात, म्हणून त्याच्या अर्धा तास आधी निघालेलं सोयीचं. तुमच्या वाहनतळाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता आहे, हे सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारा आणि दाराच्या नंबरखाली लिहून ठेवा.